अडवून धरलेली नात

"तुमीच का त्या, माझी नात अडवून धरल्याली?"

दारात उभ्या असलेल्या बाई मला पहिलंच वाक्य हे बोलल्या. सकाळचे साडेनऊ झाले होते. माझ्या मांडीवर पाटलांचं सात महिन्यांचं बाळ नाचणीची खीर तोंडात घेऊन ती परत माझ्याच अंगावर पाठवत होतं, आणि एक चिमुरडी माझ्या पाठीला पाठ लावून बाहुलीला दटावत होती. मी मान वर केली. उंच, उन्हानं रापलेल्या बाई. हिरवं नऊवारी लुगडं, एका हातात भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी, दुसऱ्या हातात दुधाची किटली.

"कुणाची नात?" मी विचारलं.

"माझी. अजून झाल्याली न्हाई. तीच तर तक्रार हाय."

तेवढ्यात आतून पराग "आज्जी" करत धावत आला आणि त्यांच्या लुगड्यात घुसला. तेव्हा मला उलगडा झाला. पराग शैलाचा मुलगा, तीन वर्षांचा. म्हणजे या शैलाच्या सासूबाई, गोदाक्का. शैलाच्या बोलण्यात त्या रोज यायच्या. प्रत्यक्ष आज आल्या होत्या.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. आम्ही तेव्हा कऱ्हाडात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. हे पोस्टात होते, आमची तृप्ती सहावीत होती आणि पुढच्या खोलीत मी मुलं सांभाळायची. सहा मुलं. सातवं घेत नसे. सहा मुलं एकदम रडायला लागली तर कोण भुकेनं रडतंय आणि कोण नुसतं सोबतीला रडतंय हे मला ओळखू यायचं. सातवं आलं की आवाज मिसळायचे. हे घरी येणाऱ्यांना सांगायचे, "आमच्या हिला सहा मुलं आहेत. संध्याकाळी सहा वाजता सगळी ज्याची त्याला परत करते."

आमच्या भागात तेव्हा दुसरं पाळणाघर नव्हतं. त्यामुळे कुणी न देता एक अधिकार माझ्याकडे आला होता. कुणाला दुसरं मूल व्हायचं आणि कधी व्हायचं, हे माझ्या पुढच्या खोलीवर ठरायला लागलं होतं. बँकेतल्या देसाईबाई दिवाळीचा फराळ घेऊन आल्या आणि डबा हातात देता देता हळूच म्हणाल्या, "मावशी, पुढच्या दिवाळीला एक जागा होईल का हो?" मी बोटं मोजली. बाळंतपणाची रजा तीन महिने, त्याआधी नऊ. म्हटलं, "होईल. पण मग तुम्हाला आजच घरी जाऊन बोलावं लागेल." देसाईबाई लाजून रिकामा डबा परत न घेताच गेल्या. एकदा तर एका गृहस्थांना मी रस्त्यात अभिनंदन म्हटलं आणि ते गटाराच्या कट्ट्यावर खाली बसले. त्यांना घरून अजून काही कळलेलं नव्हतं.

शैला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिची ड्यूटी सकाळी सातला सुरू व्हायची. पावणेसातला ती झोपेतल्या परागला खांद्यावर टाकून आणायची, माझ्या हातात द्यायची आणि सायकलवर टांग मारायची. तिचा नवरा जयवंत जवळच्याच एका शाळेत मास्तर होता. सरळ, अबोल माणूस. संध्याकाळी परागला न्यायला यायचा तेव्हा उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभा राहायचा, आत यायचा नाही.

तर गोदाक्का आत येऊन भिंतीला टेकून बसल्या, पिशवी उलटी केली आणि शेंगा फोडायला लागल्या. दाणे तोंडात टाकत त्यांनी आपलं प्रकरण मांडलं.

"सुनंला इचारलं, दुसरं कवा? तर म्हणती, रतनमावशीस्नी इचारा. पोराला इचारलं तर म्हणतो, शैलाला इचार. म्हटलं, ह्या रतनमावशी तरी कोण हायत ते बघून यावं. म्हशी मालकांच्या गळ्यात घातल्या चार दिस, आन् आले."

"गोदाक्का, माझ्याकडे जागा नाही," मी म्हटलं. "पराग शाळेत गेला की त्याची जागा देसायांच्या बाळाला दिली आहे."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "कुठलं त्ये?"

"अजून व्हायचंय."

"म्हंजे त्येंचं बी व्हायचं हाय, आन् आमचं बी व्हायचं हाय. मग त्येंचा लंबर आधी कसा?"

"त्यांनी आधी सांगितलं."

गोदाक्का बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या. माझ्या उत्तरात चूक काढता येईना, याचा त्यांना राग आला होता.

"तुम्हीच का येत नाही इथं राहायला?" मी विचारलं. "आजी असताना पाळणाघर कशाला?"

"आन् म्हशी? तीन म्हशी हायत. रोज धा लिटर दूध जातंय डेरीला. साडेसात फॅट लागतंय माझ्या दुधाला, इचारा कुणालाबी. तुमाला काम हाय, तिला काम हाय, मग मला न्हाई व्हय?"

"मग अडचण मला कळली आणि तुम्हालाही."

"आमच्या येळंला कुठली आली अडचण? पाच पोरं वाढीवली मी. दिवसभर रानात असायचे. भांगलण म्हणा, काढणी म्हणा. कुठलं पाळणाघर आन् काय."

"मग पोरांना कोण बघायचं?"

"कोण कशाला बघाय पायजे? वाढत्यात." त्यांनी टरफलं गोळा करून पिशवीत भरली आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमाला किती?"

"एकच. तृप्ती."

"एकच का?"

हा प्रश्न मला दहा वर्षं लोक विचारत आले होते आणि माझं उत्तर तयार होतं. मी देवाच्या फडताळाकडे बघायची आणि एक सुस्कारा टाकायची. बस्स. शहाणे लोक गप्प व्हायचे आणि मायाळू लोक दुसऱ्या दिवशी ताईत आणून द्यायचे. माझ्याकडे अकरा ताईत जमले होते. गोदाक्कांसमोरही मी सुस्कारा टाकला. त्यांनी मान हलवली. बहुतेक बाराव्या ताइताची सोय त्यांच्या डोक्यात सुरू झाली.

परागला पाणी द्यायला म्हणून मी उठले आणि चाकाच्या लाकडी बदकावर माझा पाय पडला. बदक एकीकडे गेलं, मी दुसरीकडे. बाळ मांडीवरून आधीच खाली ठेवलं होतं, हे नशीब. घोटा असा सुजला की अर्ध्या तासात तांब्याएवढा झाला. गोदाक्कांनी मला काखेत हात घालून उचललं आणि आतल्या खोलीत कॉटवर नेऊन ठेवलं. डॉक्टर आले, दाबून पाहिलं. हाड शाबूत होतं, पण तीन दिवस पाय जमिनीला लावायचा नाही म्हणाले.

दुपारी शैला जेवणाच्या सुट्टीत आली तेव्हा मी तिला सांगितलं, "सगळ्यांना निरोप दे. तीन दिवस बंद."

तिचा चेहरा पडला. रजा मागायची तर साहेबांसमोर काय काय ऐकावं लागतं हे ती आधी कितीदा सांगून गेली होती. मागून गोदाक्का म्हणाल्या, "बंद कशापायी? सहाच पोरं न्हवं? तेवढी तर माझ्या दारात कोंबडीची पिल्लं असत्यात."

शैला माझ्याकडे बघायला लागली, मी शैलाकडे. पण सहाजणींची सोय होत होती आणि माझ्या पायाला ठणका लागला होता. मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी कॉटवर पडून कान देऊन होते. खरं सांगायचं तर, काहीतरी बिघडेल याची वाट पाहत होते. बिघडलं नाही. गोदाक्कांनी सहाही मुलांना मागच्या अंगणात ओळीनं उभं केलं, ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांना घमेल्यात बसवलं, आणि म्हशी धुवाव्यात तसं धुऊन काढलं. मग दुधात भाकरी कुस्करून एकाच परातीतून सगळ्यांना भरवली. पाटलांचं बाळ, जे माझी नाचणीची खीर आठवडाभर नाकारत होतं, त्यानं ती भाकरी मिटक्या मारत खाल्ली. बारा वाजता सहा मुलं झोपली होती आणि गोदाक्का दारात बसून पुन्हा शेंगा फोडत होत्या.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी मुलांच्या आया आल्या त्या खूश. "किती शांत झालाय हो," "अंगाला किती छान वास येतोय." मी आतून सगळं ऐकत होते. साडेपाचला जयवंत आला आणि नेहमीसारखा चप्पल काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"आत ये की," गोदाक्का म्हणाल्या. "हितं काय देऊळ हाय व्हय?" तो आत आला तसं त्यांनी एका हातात परागला दिलं आणि दुसऱ्या हातात पाटलांचं बाळ. "धर. मी चुलीवर दूध ठेवलंय."

पडद्याच्या फटीतून मला तो दिसत होता. बाळाला त्यानं असं धरलं होतं, जसं काठोकाठ भरलेलं पातेलं कुणीतरी अचानक हातात द्यावं. हलायचं नाही, वाकायचं नाही, श्वासही जपून. बाळानं त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं तरी त्यानं काही केलं नाही. मला हसू आवरेना आणि हसलं की घोटा दुखायचा.

दुसरा दिवसही तसाच गेला. एवढंच झालं की माझ्याकडे असणाऱ्या देसायांच्या मुलीनं संध्याकाळी वडिलांना पाहून "आरं तिच्या मायला" असं म्हटलं. देसाईसाहेबांना ते जड गेलं. पण गोदाक्का म्हणाल्या, "माझ्याकडनं नसंल, पोरं कुठनंबी उचलत्यात," आणि विषय संपला.

तिसऱ्या दिवशी तृप्तीचा सहामाहीचा इतिहासाचा पेपर होता. शाळा दुपारची, म्हणून ती सकाळी घरीच अभ्यासाला बसली होती. तिला मोठ्यानं वाचायची सवय. पडद्यापलीकडून मला ऐकू येत होतं, "सिंधू संस्कृतीतील घरे पक्क्या विटांची होती." मग थांबली. पुन्हा, "सिंधू संस्कृतीतील घरे..." पुन्हा थांबली. काही वेळानं परत, "सिंधू संस्कृतीतील..." तेच वाक्य चार वेळा झालं तेव्हा मी कॉटवरून वाकून पडदा बाजूला केला.

तृप्ती खोलीच्या मधोमध उभी होती. पाटलांचं बाळ तिच्या डाव्या कडेवर. त्याच्या ओझ्यानं ती उजवीकडे कलली होती, सगळा भार एका पायावर टाकून. उजव्या हातात इतिहासाचं पुस्तक, आणि त्या पुस्तकाचा कोपरा बाळाच्या तोंडात. आणखी एक चिमुरडं तिचा फ्रॉक धरून उभं होतं. तिची काही तक्रार नव्हती. बाळाला अलगद झुलवत होती. ती चांगली धरत होती. तेच मला बघवलं नाही.

मी उठले. पाय जमिनीला लागला तशी डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण चार पावलं गेले.

"तृप्ती, बाळ इकडे दे."

"अवो, पाय," गोदाक्का स्वयंपाकाच्या ओट्याजवळून म्हणाल्या. तव्यावर भाकरी होती. "ऱ्हाऊ द्या की. मीच दिलंया तिच्याकडं. मी भाकरी टाकत हुते. पोरगी हुशार हाय, लगीच जमलं तिला."

"म्हणूनच," मी म्हटलं.

तृप्तीला मी शेजारच्या जोशीकाकूंकडे अभ्यासाला पाठवलं. ती गेली. मी बाळाला मांडीवर घेऊन तिथंच फरशीवर बसले, कारण परत कॉटपर्यंत जाण्याची ताकद नव्हती. गोदाक्का माझ्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांना वाटलं असावं की मला त्यांचा राग आला आहे.

"गोदाक्का, माझ्या घरात तिच्या कडेवर मूल द्यायचं नाही," मी म्हटलं. "पाच मिनिटंसुद्धा नाही."

"पाच मिन्टांत काय हुतंय?"

"माझंही पाच मिनिटांनीच सुरू झालं होतं. आई म्हणाली, जरा धर, मी पाणी घेऊन येते."

आणि मी बोलत गेले. आम्ही सहा भावंडं, मी थोरली. आई दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायची, आणि तिच्यामागे जे कुणी धाकटं असेल ते माझ्या कडेवर. एक उतरलं की दुसरं चढायचं. आठ वर्षांची असल्यापासून लग्नापर्यंत माझी कड कधी रिकामी नव्हती. शिंपी अजून म्हणतो, बाई, तुमच्या पोलक्याची एक बाजू खाली येते, माप बरोबर असतं तरी. हे मला बघायला आले तेव्हाही धाकटा कडेवरच होता आणि ह्यांच्या काकांना वाटलं, मूल माझंच आहे. लग्न तिथंच मोडायचं, पण ह्यांना माझ्यापेक्षा तो धाकटाच जास्त आवडला.

"तृप्ती झाली," मी म्हटलं, "तेव्हा मी ह्यांना सांगितलं, माझी सहा झाली. आता पुरे. ह्यांनी ऐकलं."

"आन् ते देवाकडं बघून सुस्कारा?"

"तो लोकांसाठी."

गोदाक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात दुधात पाणी घालणारी बाई रंगेहाथ सापडावी. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "आन् मग आता लोकांची कशापायी सांभाळताय?"

"आता मला विचारून देतात. पगार देतात. आणि संध्याकाळी घेऊन जातात."

भाकरीचा करपलेला वास यायला लागला. गोदाक्का तव्याकडे वळल्या, भाकरी उलटली. काळी पडली होती. त्यांनी ती तशीच हातात धरली.

"माझी थोरली हाय," त्या म्हणाल्या. "हौसा. जयवंता झाला तवा तिला शाळंतनं काढली. तिसरीत हुती. दुसरं कोण हुतं? मी रानात, मालक रानात. जयवंता तिच्याच कडंवर वाढला. चालाय लागला तरी उतरंना, लबाड. त्येच्यामागनं तिघं."

"आता कुठं असते?"

"मसूरला दिलीया. बरं चाललंय. तिला एकच पोर हाय. पोरगी. दर पंचमीला म्हायेराला आली की मी बोलते तिला. एकीवर कशी थांबलीस म्हणून. गेल्या साली ताईत बी आणून दिला."

"काय म्हणते मग?"

"काय न्हाई. हसती."

भाकरी त्यांनी परातीत ठेवली. पीठ हाताला लागलं होतं ते लुगड्याला पुसलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "हसती नुसती."

त्या दिवशी त्यांनी मुलांना ओळीत उभं केलं नाही. पाटलांचं बाळ त्यांनी दिवसभर स्वतःच्याच कडेवर घेतलं, आणि भाकरीही एका हातानं थापल्या. मला उठूच दिलं नाही. तृप्ती दुपारी शाळेला निघाली तेव्हा तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

संध्याकाळी शैला आणि जयवंत दोघं एकदम आले. शैला आत माझ्या कॉटवर बसली, जयवंत उंबऱ्याबाहेर. गोदाक्कांनी दोघांना समोरासमोर बसवलं, जसं गावात भांडण मिटवायला बसवतात.

"जयवंता, तुजी शाळा कितीला?"

"अकराला, आई."

"सूनबाई कामाला जाती कितीला?"

"सातला."

"मग सात ते अकरा तू काय करतोस?"

मास्तरांनी विचार केला. आयुष्यात त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेला नसावा. "पेपर वाचतो," ते म्हणाले. "अंघोळ. मग डबा भरून घेतो. ती करून ठेवते तो."

"चार तास पेपर?"

"अंघोळही असते ना, आई."

शैलानं माझ्या चादरीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं ती हसतेय. मग कळलं की दोन्ही चाललंय. माझ्या मनात एक लाज उभी राहिली होती. दीड वर्ष मी पावणेसातला दार उघडून झोपेतलं मूल हातात घेत होते. त्याचा बाप घरी जागा आहे हे मला माहीत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की त्याच्याकडे बोट दाखवावं. इतक्या घरांचे मी महिने मोजले, या एका बापाचे तास मोजले नाहीत.

"पण आई, मला ते जमत नाही," जयवंत म्हणाला.

"हौसाला नवव्या वर्षी जमलं," गोदाक्का म्हणाल्या. "तुलाच घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्वतः परागला घेऊन आले, साडेदहाला. परागचे दोन्ही पाय चड्डीच्या एकाच भोकात होते आणि तो उड्या मारत येत होता. मास्तरांच्या शर्टावर दूध सांडलं होतं. मी चड्डी नीट केली. आठवडाभरात चड्डी जमली. महिन्याभरात ते माझ्याशी सर्दीवर ओवा चांगला की वेखंड, यावर वाद घालायला लागले.

गोदाक्का त्याच सकाळी म्हशींकडे परत गेल्या. जाताना नातीचा विषय त्यांनी काढला नाही. त्यानंतरही कधी काढला नाही, असं शैला म्हणायची.

शैला एकदा माझ्याकडे बसली होती तेव्हा मी तिला विचारलं, "तुला दुसरं खरंच हवंय का?"

"मावशी, सगळे मला कधी, कधी, एवढंच विचारायचे. हवंय का हे कुणीच विचारलं नाही. हवं होतं. पण पहाटे उठून दोघांना उचलून आणायचं चित्र डोळ्यांपुढं आलं की नको वाटायचं."

"आता?"

"आता एकाला ते उचलतात."

दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. शैलाची ड्यूटी तोवर अडीचला संपायला लागली होती, म्हणून माझ्याकडे मुलगी साडेदहा ते अडीच एवढीच असायची, तेव्हा तिला सातवी म्हणून घेतलं. चार तासांसाठी एक आवाज मी वाढवून घेतला. देसायांच्या जागेचं काय झालं, म्हणाल तर ती दुसऱ्याच बाळाला गेली. देसाईबाईंचं साहेबांना ते त्या दिवाळीला सांगायचंच राहून गेलं, आणि पुढे त्यांची बदली झाली.

बारसं गोदाक्कांच्या गावी झालं. आम्ही तिघंही गेलो. मी आत भांडी काढायला मदत करत होते तेव्हा एक बाई पाण्याची घागर घेऊन आल्या. ठेवून सरळ उभ्या राहिल्या, तरी एका बाजूला जरा कललेल्या. कुणी ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

"तुमी रतनमावशी न्हवं?" हौसाबाई म्हणाल्या. आवाज आईचाच, पण खालच्या पट्टीतला. "आई सारकी तुमचं नाव काढती."

आम्ही दोघी दुधाची पातेली घासत बसलो. त्यांनी मला सांगितलं की माझ्याकडून परत गेल्यावर आठ दिवसांनी त्यांची आई मसूरला आली होती. सण नाही, वार नाही, अचानक. दिवसभर थांबली. संध्याकाळपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिली. जायच्या वेळेला चप्पल पायात घालून पुन्हा आत येऊन बसली.

"मला म्हणाली, हौसा, शाळंतनं काढली तवा तुला लई वाईट वाटलं हुतं का गं."

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार? पोरं गोड हुती वो. जयवंता तर माझ्याबिगर झोपायचा न्हाई." हौसाबाईंनी पातेलं पालथं घातलं. "म्हटलं, आई, पोरांचं काय न्हाई. पण शनवारी तू मला काढलीस, आन् सोमवारी गुरुजी अठराचा पाढा घेणार हुते. सतरापतोर माझं पाठ झालं हुतं."

"मग?"

"आई म्हणाली, म्हण की आता अठराचा. म्हटलं, मला कुठं येतोय? तसं तिनं माझ्या पोरीला हाक मारली. पोरगी आत अभ्यास करत हुती. आईनं तिला समोर हुबी केली आन् अठराचा पाढा म्हणायला लावला. आमी दोघी बसून ऐकला."

बाहेरून बारशाचं गाणं ऐकू यायला लागलं होतं. बायका त्यांना हाका मारत होत्या, आत्याबाई कुठं गेल्या, आत्याबाईंनीच नाव ठेवायचं. हौसाबाईंनी हात धुतले, पदर नीट केला.

"पुरा झाला," त्या उठता उठता म्हणाल्या, "तसं आई म्हणाली, आणखी एकदा म्हण."